उभं उतरलेलं पहिलं रॉकेट कोणाचं, मस्कचं का बेझोसचं? (एका पोरीचा मार्क माझ्याकडे अडकलाय)

वावरातला_मास्तर
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात शाळेवर आहे, आठवीपर्यंत विज्ञान शिकवतो. एक गोष्ट आठ दिवसांपासून डोक्यात घोळून राहिली म्हणून इथे विचारतो.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची प्रश्नमंजुषा घेतली. प्रश्न-उत्तरं छापून आलेली होती, मी फक्त वाचायचं आणि मार्क द्यायचे. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, "अंतराळात जाऊन परत जमिनीवर उभं उतरलेलं पहिलं रॉकेट कोणतं?" कागदावर उत्तर होतं फाल्कन ९. आठवीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली न्यू शेपर्ड. मी म्हटलं चूक. प्रश्न दुसऱ्या गटाकडे गेला, त्यांनी मस्कचं फाल्कन सांगितलं, टाळ्या पडल्या आणि ही एका मार्कानं मागे राहिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. रद्दीतली कात्रणं कणकेच्या लेईनं चिकटवलेली, पानं पापडासारखी कडक झालेली. एका पानावर रॉकेटचा फोटो, अंगावर निळं पीस रंगवलेलं, खाली तिच्या अक्षरात २३ नोव्हेंबर २०१५. पुढच्या पानावर फाल्कन, खाली २१ डिसेंबर २०१५. बोलली काहीच नाही, दोन्ही तारखांखाली पेनानं रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.

मी म्हटलं पाहून सांगतो. आता पाहतो तर अर्धे लोक म्हणतात मस्क पहिला, अर्धे म्हणतात बेझोस. जाणकारांनी सांगावं, पोरगी बरोबर आहे का?

तिखट_सावजी
मस्क. विषय खतम. गुरुजी, चहा मांडा.

पराटी
सावजी भाऊ, विषय आत्ता कुठं सुरू झाला.

खगोलवेडी
पोरगी बरोबर आहे सर. तारखा दोन्ही बरोबर आहेत (फाल्कनची तिकडची तारीख २१, आपल्याकडे २२ ची सकाळ झाली होती).

न्यू शेपर्ड हे जेफ बेझोसच्या ब्लू ओरिजिनचं. टेक्सासमधून उडालं, १०० किमीच्या जरासं वर गेलं आणि त्याचं बुस्टर (वर ढकलणारा खालचा भाग) परत येऊन पायांवर उभं राहिलं. १०० किमीला कार्मन रेषा म्हणतात, तिच्या वर अंतराळ असं बहुतेक जग मानतं. म्हणजे अंतराळात गेलं, परत आलं, उभं उतरलं. फाल्कन त्यानंतर चार आठवड्यांनी. आणि तेच न्यू शेपर्डचं बुस्टर २२ जानेवारी २०१६ ला परत उडवून परत उतरवलं. मस्कच्या स्पेसएक्सनं वापरलेलं बुस्टर दुसऱ्यांदा उडवलं ते थेट ३० मार्च २०१७ ला.

गंमत म्हणजे हेच भांडण तेव्हा ट्विटरवर त्या दोघांचंही झालं. बेझोसनं व्हिडिओ टाकला तर मस्कनं लगेच सुनावलं की आमचं चाचणीचं रॉकेट ग्रासहॉपर तीन वर्षांपूर्वीच उडून उतरलंय, अंतराळात जाणं वेगळं आणि कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणं, वेगळं. मग फाल्कन उतरलं तेव्हा बेझोसनं लिहिलं, क्लबमध्ये स्वागत आहे. म्हणजे आम्ही आधीच बसलोय, या तुम्ही पण!

रामटेकचा_गड
ताई, तारखा बरोबर पण तुलना बरोबर नाही न. लहानपणी जवारीच्या वावरात मचाणावर बसून पाखरं हाकलली असतील त्याले हे लगेच समजन. दगड हातानं सरळ वर फेकला तर तो तुमच्याच डोक्यावर येते. गोफणीत घालून आडवा भिरकावला तर तो पार दुसऱ्याच्या धुऱ्यापलीकडे जाते. न्यू शेपर्ड म्हणजे सरळ वर फेकलेला दगड, आवाजाच्या तिपटीहून जास्त वेग, वर गेला आन खाली आला. कक्षेत राहायचं तर ताशी २८ हजार किमीचा आडवा वेग लागते. त्या रात्री फाल्कन ११ उपग्रह कक्षेत सोडून राहिलं होतं आणि त्याच फेरीत खालचा टप्पा आडवा चाललेला असताना मागं वळवून तळाजवळ उतरवला. दोन्हीले एकाच मापानं मोजायचं म्हणजे घरामागच्या विहिरीतून पाणी काढणं आणि वर्धा नदीहून कालवा आणणं एक झालं.

मी मस्कचा भक्त नाही, आधीच सांगतो. पण काम मोठं त्याचंच.

खगोलवेडी
काम मोठं फाल्कनचं, मान्य. पण गड दादा, फाल्कनचा जो टप्पा उतरला तो स्वतः कक्षेत कुठं गेला होता? ताशी ५-६ हजार किमीच्या आसपास वेग असतानाच तो सुटतो आणि माघारी फिरतो, कक्षेत जातो वरचा टप्पा. त्यामुळे "कक्षेतून परत आलेलं पहिलं रॉकेट" असंही म्हणता येत नाही. नीट म्हणायचं तर "उपग्रह कक्षेत पोचवणाऱ्या रॉकेटचा उभा उतरलेला पहिला टप्पा". ते फाल्कन.

रामटेकचा_गड
हे मात्र बरोबर बोलल्या. पटलं.

धुरकरी_७
वाचून आमच्याकडचा शंकरपट (बैलजोड्यायची शर्यत) आठवला बाप्पा. पटात दोन जोड्या सुटतात, एखाद्या वेळेस काट्यावर काटा होते, मंग मालक लोक भांडतात का माह्या बैलाचं तोंड आधी गेलं, दुसरा म्हणते गाडीचा धुरा आधी गेला पायजे. भांडण बैलाचं नसतेच, तोंड मोजाचं का धुरा याचं असते. म्हणून आमच्याकडे सुटायच्या आधी पंच ओरडून सांगते का काय मोजणार हावो. मास्तर, तुमच्या प्रश्नात काय मोजाचं होतं ते कागदावर लिहेलच हाये न? "अंतराळात जाऊन". उपग्रह, कक्षा असं काई नाई लिहेल. मंग पोट्टी जिंकली.

दुसरी गोष्ट, पटात जोडी मालकाची असते, पण काटे तुडवत हाकते तो धुरकरी. नाव पेपरात मालकाचंच येते. इथंही तसंच दिसते.

मायची_लेक
धुरकरी दादांचं शेवटचं वाक्य फार पटलं. फाल्कनचं मर्लिन इंजिन ज्यांनी घडवलं ते टॉम म्युलर, अमेरिकेतल्या आयडाहोच्या जंगलातल्या लहान गावातले, वडील लाकूडतोडीच्या धंद्यातले. आपल्या मेळघाट-गडचिरोलीकडच्या एखाद्या पोरानं रॉकेटचं इंजिन करावं तसंच. पण कोणाला विचारा, मस्क तेवढा माहीत.

आणि सर, तुमच्या पोरीला वॉली फंक यांचं नक्की सांगा. १९६१ मध्ये अमेरिकेत १३ बायकांनी अंतराळवीरांच्या कठीण तपासण्या पार केल्या, त्यात या सर्वात लहान, पण बाई म्हणून कोणालाच पाठवलं नाही. या मात्र विमान चालवत राहिल्या, शिकवत राहिल्या. शेवटी २० जुलै २०२१ ला ८२ व्या वर्षी बेझोसच्या त्याच न्यू शेपर्डमधून वर गेल्या. साठ वर्षं वाट पाहिली बाईनं. मी दवाखान्यात रात्रपाळीला होते, मोबाइलवर पाहिलं, खाली आल्यावर हात पसरून बाहेर आल्या त्या, मला रडू आवरलं नाही.

पराटी
सगळं ठीक हाये पण मले एक सांगा राजेहो, हे दोन-चार पैशेवाले एकमेकांशी चढाओढ करतात त्यात आपलं काय? बेझोस स्वतःच सांगे का दरवर्षी एक अब्ज डॉलरचे ॲमेझॉनचे शेअर विकून रॉकेटात टाकतो. इथं कापसाले भाव नाई, ओलिताची लाइट रात्री येते, बिबट्याच्या भेवानं डबा वाजवत मोटर सुरू कराले जातो. मागच्या हिवाळ्यात पहाटे चन्याले पाणी देऊन रायलो होतो, पाहतो तर आभाळात दिव्यायची माळ, एकामागं एक, मोजून तीस-पस्तीस, आवाज नाई काई नाई, सरसर निघून गेली. माह्या संगं सालदार होता, त्यानं हातच जोडले. नंतर पोरानं सांगतलं का ते मस्कचे स्टारलिंक उपग्रह. आमच्या डोक्यावरून जाऊन रायले, आमाले विचारलं कोणी?

लोणारकाठ
पराटी भाऊंचा राग खरा आहे. ही चढाओढ कुठल्या थराला गेली ते पाहा. २०२१ च्या जुलैत व्हर्जिन गॅलेक्टिकचा रिचर्ड ब्रॅन्सन आणि बेझोस दोघांनाही स्वतः वर जायचं होतं. बेझोसनं २० जुलै जाहीर केली, ब्रॅन्सननं ११ जुलै गाठली. त्याआधी दोनच दिवस ब्लू ओरिजिननं तक्ताच टाकला की ब्रॅन्सनचं यान १०० किमीच्या वर जातच नाही आणि आमच्या खिडक्या मोठ्या. ब्रॅन्सनचं युनिटी यान गेलं सुमारे ८६ किमी, अमेरिकेत ८० किमीच्या वर गेलं की अंतराळ धरतात, म्हणजे तिथंही परत तेच, रेघ कुठं मारायची. त्याच उड्डाणात आपली आंध्रची शिरीषा बांदला होती हे मात्र छान झालं.

समुद्रातल्या जहाजावर रॉकेट उतरवायच्या कल्पनेवर ब्लू ओरिजिननं पेटंट घेतलं होतं, स्पेसएक्सनं आव्हान दिल्यावर त्यातले बहुतेक दावे सोडावे लागले. २०२१ ला नासानं माणसं चंद्रावर उतरवणाऱ्या लँडरचं २.८९ अब्ज डॉलरचं काम एकट्या स्पेसएक्सला दिलं तर ब्लू ओरिजिन तक्रार करत कोर्टापर्यंत गेलं आणि हरलं. मग २०२३ मध्ये त्यांनाही ३.४ अब्जाचं दुसऱ्या लँडरचं काम मिळालं.

तिखट_सावजी
म्हणजे धुऱ्यावरून भांडणारे भाऊ फक्त आमच्याच गावात नाईत तर. तलाठ्याले पाठवा चंद्रावर, मोजणी करून येईन.

सिंदेवाहीकर
आभाळातून विचारल्याशिवाय येणाऱ्या गोष्टींचं निघालं म्हणून सांगतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अंगणात बसलो होतो, पुरणपोळीनं जड झालो होतो, आणि आभाळ पेटल्यासारखं झालं. एक नाही, आगीचे तुकडे मागोमाग, शेपट्या सोडत. आई म्हणाली विमान पडलं. थोड्या वेळानं फोन यायला लागले की आपल्या तालुक्यात लाडबोरीला मोठी लोखंडाची रिंग पडली. दुसऱ्या दिवशी गेलो. माणूस आरपार सहज जाईल एवढी, सुमारे तीन मीटर व्यासाची, पुढे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली. पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तुकडा होता म्हणतात, २०२१ मध्ये सोडलेल्या.

आता ते सरकारी रॉकेट, या लोकांचं नाही, ते माहीत आहे. पण पंधरा-वीस घरं बाजूला पडलं असतं तर? म्हणून मला कोण पहिलं उतरलं यापेक्षा रॉकेट *उतरतं* याचंच जास्त वाटतं. जे उभं परत येऊन आपल्या तळावर बसतं ते निदान कोणाच्या आवारात नाही पडत. गुरुजी, तुमच्या पोरीनं नेमकं तेच रॉकेट वहीत चिकटवलं याचं मला लई कौतुक वाटलं.

पराटी
सिंदेवाहीकर भाऊ, असा विचार नव्हता केला मी.

दूरदेशी
मी मूळची आर्वीची, मुलाकडे फ्लोरिडात आले होते तेव्हा फाल्कनचं उतरणं डोळ्यांनी पाहिलं. उडतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आठेक मिनिटांनी आकाशातून एक काळा खांब खाली येताना दिसतो, शेवटच्या क्षणी बुडाशी आग लागते, आणि तो चक्क हळू होतो. मग तो झाडांमागे गेला, सगळे चुप. आणि त्यानंतर आवाज आला, धाड-धाड, छातीत दणका बसला, शेजारच्या गाडीचा भोंगा वाजायला लागला. आवाज मागून येतो कारण रॉकेट आवाजाच्या पुढे पळत होतं. माझी नात म्हणे आजी, घाबरलीस? मी म्हटलं नाही गं, तुझ्या पणजोबांना दाखवायला पाहिजे होतं. ते बैलबंडीनं वर्ध्याला जायचे.

रामटेकचा_गड
पराटी भाऊ, "आपलं काय" याचं थोडं उत्तर. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा जीसॅट-एन२ उपग्रह फाल्कन ९ वरूनच सोडावा लागला, ४,७०० किलोचा होता, आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटला त्या कक्षेसाठी जड. जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेही फाल्कनवरच, आणि ३९-ए तळावरून. हा तोच तळ, ज्यावरून अपोलो ११ गेलं आणि जो भाड्यानं मिळावा म्हणून २०१३ ला मस्क आणि बेझोस दोघंही भांडले. त्यांच्या भांडणातून रॉकेट परत वापरता येऊ लागलं, म्हणून फेऱ्या वाढल्या आणि स्वस्त झाल्या.

पण सगळं त्यांच्याच पैशानं झालं असंही नाही. स्पेसएक्सचे पहिले तीन फाल्कन १ फेल गेले, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत पोचलं, आणि त्याच डिसेंबरात नासानं १.६ अब्ज डॉलरचं सामान पोचवायचं काम दिलं, त्यानं कंपनी तगली. तो पैसा लोकांच्या कराचा. मालकाच्या हिमतीइतकाच सरकारचा भरवसा आहे त्यात.

आणि हे आपल्याकडं पण सुरू झालंय. हैदराबादच्या स्कायरूटनं नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून विक्रम-एस रॉकेट उडवलं, त्यांच्या कलाम-१०० या टप्प्याची चाचणी झाली कुठं? आपल्या नागपूरला, सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. आमच्या इकडच्या पोरायले सांगतो तर विश्वास नाही बसत.

खगोलवेडी
गड दादा, हे नागपूरचं शाळेशाळेत सांगायला पाहिजे.

एक राहिलं. ब्लू ओरिजिनच्या मानचिन्हावर दोन कासवं आहेत, हळूहळू पण जोरात असं त्यांचं ब्रीद. २००० साली सुरू झालेली कंपनी, स्पेसएक्स २००२ ची. पण कक्षेत जाणारं त्यांचं न्यू ग्लेन पहिल्यांदा उडालं जानेवारी २०२५ ला, आणि त्याचं बुस्टर जहाजावर उतरलं नोव्हेंबर २०२५ ला, मंगळाकडे जाणारी दोन यानं सोडून. म्हणजे नोव्हेंबर २०१५ ला पहिला, आणि खऱ्या मोठ्या कामात दहा वर्षांनी दुसरा. ससा मात्र मधे झोपलाच नाही या वेळी.

लोणारकाठ
मास्तर कुठं गेले? पोरीचं काय ठरलं?

मायची_लेक
हो सर, मार्क द्या तिला. मोठ्यांनी चूक कबूल केलेली लेकरांच्या जन्मभर लक्षात राहते. मला चौथीत बाईंनी सर्वांसमोर म्हटलं होतं, तुझं गणित बरोबर होतं, मीच चुकले. आज पन्नाशी आली, ते गणितही आठवतं.

वावरातला_मास्तर
आलो आलो. तीन दिवस दहावीच्या परीक्षेची ड्युटी होती, तिथं मोबाइल बंद. काल रात्री जेवण झाल्यावर सगळा धागा वाचला, दोनदा.

मायची_लेक ताई, तुमचं वाचून तर राहवलंच नाही. आज सकाळी परिपाठात प्रार्थना झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की त्या प्रश्नाचं उत्तर न्यू शेपर्ड हेच बरोबर होतं, मी चुकीचा मार्क कापला. फळ्यावर दोन उभ्या रेघा काढल्या, १०० किमीला आडवी खूण केली, एक रेघ सरळ वर नेऊन खाली आणली, दुसरी गोफणीसारखी वळवली (गड भाऊ, गोफण लगेच समजली पोरांना, कक्षा हा शब्द दोन वर्षांपासून शिकवून राहिलो तो आज समजला). मग धुरकरी भाऊंचं सांगितलं, की भांडायच्या आधी काय मोजायचं ते ठरवा. फाल्कन म्हणणारा पोरगा होता तो हात वर करून म्हणाला, सर मग माझं पण थोडं बरोबर आहे. म्हटलं हो, तुझा प्रश्न वेगळा असता तर पूर्ण बरोबर होतं. दोघांचे मार्क सारखे झाले, बक्षिसाची कंपासपेटी एकच होती, दुसरी मी आणून देतो. प्रश्न पाठवणाऱ्यांनाही चिठ्ठी लिहिलीय की पुढच्या वर्षी शब्द नीट घाला.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई अंगणात चना पाखडत होती, ही सुपाजवळ बसून खडे वेचत होती. वॉली फंकबाईंचं सांगितलं. ऐकता ऐकता हात थांबले तिचे. मग विचारते, "सर, त्या साठ वर्षं काय करत होत्या?" म्हटलं विमान उडवत होत्या, शिकवत होत्या. ती आत गेली, वही आणली आणि रिकाम्या पानावर नाव लिहून घेतलं. फोटो नाही म्हणून चौकोन आखून ठेवला.

निघताना लाडबोरीचं सांगितलं तर उठूनच उभी राहिली. तिला ती जागा पाहायची आहे. सिंदेवाहीकर भाऊ, पोरं आणली तर दाखवता येईल का?

सिंदेवाहीकर
आणा ना गुरुजी. रिंग नाही दाखवता येणार पण जिथं पडली ती मोकळी जागा दाखवतो, आणि तेव्हा जवळून पाहणारी माणसं आहेत, त्यांच्याशी बोलू द्या पोरांना. फक्त मोहफुलाचे दिवस आहेत, सकाळी लोक जंगलात असतात आणि वाघाचंही भेव आहे, तर दहाच्या नंतरच पोहोचा. किती जण आहात ते कळवा, जेवण आमच्याकडे.

पराटी
मास्तर, गाडीत जागा असंन तर माह्या पोराले बी न्या. दिव्याची माळ त्यानंच ओळखली होती.